गावाचे नाव कोठे लिहावे? : ग्रामीण संघांच्या जर्सीची समीक्षा

खेळाडूच्या अंगावरील जर्सी हा समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न आपल्याकडील अभ्यासपर लेखनात सहसा विचारला जात नाही. शारीरिक शिक्षण विभागाने तिच्याकडे गणवेश म्हणून पाहावे आणि वाणिज्य विभागाने जाहिरातीची जागा म्हणून, अशी जणू वाटणीच झालेली आहे. उत्तर अमेरिकेतील आइस हॉकीच्या चाहत्यांनी मात्र एक वेगळी प्रथा रूढ केली आहे. आपल्या संघाची जर्सी मनास आली नाही, म्हणजे केवळ नापसंती व्यक्त करून ते थांबत नाहीत. ते स्वतःच नवी जर्सी रेखाटतात. ती शिवली जाईलच असे नसते, बहुतेक वेळा शिवली जातही नाही. जुन्या पट्ट्यांपैकी कोणता ठेवावा, बोधचिन्ह किती मोठे असावे, शहराच्या इतिहासातील कोणता रंग परत आणावा, याविषयीचे मत तेथे रेषेतून मांडलेले असते. प्रस्तुत लेखात अशा रेखाटनास ‘संकल्पित जर्सी’ असे म्हटले आहे. ती एक प्रकारची टीकाच होय. फरक इतकाच, की टीकाकाराला आपला पर्याय स्वतः काढून दाखवावा लागतो.

क्वचित अशी जर्सी प्रत्यक्षातही उतरते. कॅनडातील ओटावा सेनेटर्स या संघाने २०११ साली वारसा म्हणून जी जर्सी स्वीकारली, तिचा आधार एका चाहत्याने केलेले रेखाटन हा होता. आजचा सेनेटर्स संघ १९९२ पासून खेळतो. परंतु त्याच नावाचा एक जुना संघ त्या शहरात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काळ्या, तांबड्या व पांढऱ्या आडव्या पट्ट्यांनी ओळखला जात असे. चाहत्याने ते पट्टे नव्या संघाच्या अंगावर घातले. व्यवस्थापनाला जे सुचले नव्हते ते प्रेक्षकाला सुचले, कारण शहराची स्मृती प्रेक्षकापाशी होती.

या खेळात जर्सीचे महत्त्व किती, हे साहित्याच्या अध्यापकांस रॉक कॅरिए या फ्रेंच भाषक कॅनेडियन लेखकाच्या ‘हॉकीचा स्वेटर’ या १९७९ मधील कथेवरून माहीत असेल. क्वेबेकमधील एका लहान गावातील मुलाला माँट्रियालच्या संघाचा स्वेटर हवा असतो आणि टपालाने येतो तो टोरांटोचा. गावातील सर्व मुले एका रंगात आणि हा एकटा दुसऱ्या. भाषा, धर्म, प्रांत यांचा सारा ताण त्या एका लोकरी कपड्यात उतरतो. कथा बर्फाच्या प्रदेशातील असली, तरी तिचे मर्म समजण्यास आपल्याला बर्फाची गरज नाही.

बारामती तालुक्यातील वडगाव निंबाळकर, होळ, कोऱ्हाळे, करंजेपूल या पट्ट्यात, किंबहुना महाराष्ट्रातील कोणत्याही ग्रामीण भागात, हिवाळ्यात व उन्हाळ्यात टेनिस चेंडूवरील क्रिकेटचे सामने भरतात. कबड्डीचे सामने यात्रेच्या निमित्ताने होतात. प्रत्येक संघाला जर्सी असते, आणि ती संघातीलच कोणीतरी पोरगा फ्लेक्सच्या दुकानात संगणकासमोर बसून ठरवतो. म्हणजे आपल्याकडे चाहता, खेळाडू आणि संकल्पक हे तिघे एकच असतात. हॉकीच्या चाहत्याला जे स्वातंत्र्य केवळ कागदावर मिळते, ते आपल्या पोरांना मैदानावर मिळालेले आहे. त्या स्वातंत्र्याचे आपण काय केले, हा या लेखाचा प्रश्न आहे.

प्रथम तंत्राविषयी थोडे. पूर्वी संघाला गंजीफ्रॉक किंवा साधा टी-शर्ट मिळे आणि त्यावर स्क्रीन छपाईने नाव व क्रमांक उमटवला जाई. स्क्रीन छपाईत प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र चौकट करावी लागते. रंग वाढला की खर्च वाढतो. त्यामुळे एक कापड, एक शाई हा नियम आपोआप पाळला जाई. उष्णता-छपाईने, म्हणजे ज्याला सर्व दुकानदार ‘सब्लिमेशन’ म्हणतात त्या पद्धतीने, हा हिशेब मोडला. यात चित्र प्रथम विशेष कागदावर छापले जाते, नंतर सुमारे २०० अंश सेल्सिअस तापमानाला तो कागद पांढऱ्या पॉलिस्टरवर दाबला जातो; शाईची वाफ होऊन ती धाग्यात शिरते. रंग दोन असोत वा दोनशे, खर्च तोच. कापड शिवण्यापूर्वीच छापले जात असल्याने बाहीपासून गळ्यापर्यंत एक इंचही कोरा राहण्याचे कारण उरत नाही. आणि तो राहतही नाही. ज्वाळा, विजा, वाघाचे पंजे, तुटलेल्या काचेचे तुकडे, मधमाशीच्या पोळ्याची नक्षी: हे सर्व एकाच जर्सीवर नांदताना आपण पाहतो. काटकसरीने जो संयम लादला होता, तो काटकसर संपताच संपला. स्वखुशीचा संयम आपण अद्याप शिकलेलो नाही.

नक्षीपेक्षा गंभीर प्रश्न छातीचा आहे. हॉकीच्या जर्सीवर छाती ही संघाच्या बोधचिन्हाची जागा मानली जाते. क्रमांक पाठीवर व बाहीवर जातो. उत्तर अमेरिकेतील राष्ट्रीय हॉकी लीगने जर्सीवर जाहिरातीची पट्टी येऊ दिली ती २०२२-२३ च्या हंगामात, आणि तीही तीन इंच गुणिले साडेतीन इंच एवढीच. आपल्या ग्रामीण जर्सीवर छाती देणगीदाराची असते. हॉटेल, कृषी सेवा केंद्र, वाळू-खडीचा पुरवठादार, अथवा भावी सदस्य म्हणून ज्यांच्याकडे पाहिले जाते असे कोणी युवा नेतृत्व. कधी नाव, कधी छायाचित्रही. गावाचे नाव मिळेल त्या जागेत, बहुधा पाठीवर खाली किंवा बाहीवर, बारीक अक्षरांत.

यावर नेहमीचे उत्तर असे, की पैसे जो देतो त्याचे नाव मोठे. हे उत्तर व्यवहाराचे असल्याने ते हसून सोडून देता येत नाही. अकरा-पंधरा जर्सींचा खर्च पोरांनी खिशातून करावा, असे सुचवणे सोपे आहे. परंतु देणगीदाराचे नाव असावे की नसावे हा एक प्रश्न आणि ते कोठे असावे हा दुसरा. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या स्पर्धांत कोट्यवधी रुपये देणाऱ्या पुरस्कर्त्याचे नावही छातीवरून बाहीवर जाते आणि मध्यभागी देशाचे नाव येते. २०२५ मध्ये तर याहून बोलका प्रसंग घडला. ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा झाला, भारतीय संघाचा मुख्य पुरस्कर्ता दूर झाला आणि सप्टेंबरातील आशिया चषकात संघ पुरस्कर्त्याविना उतरला. निळ्या छातीवर देशाचे नाव एकटे होते. त्या जर्सीत काही उणे आहे, असे कोणास वाटले नसावे.

मात्र एका प्रकारच्या नावास प्रस्तुत लेखक वेगळे मानतो. काही जर्सींवर ‘कै.’ या अक्षराने आरंभ होणारे नाव असते. अपघातात गेलेला संघातील मित्र, स्पर्धा सुरू करणारे गुरुजी, मैदानासाठी आपले वावर मोकळे ठेवणारे कोणी आजोबा. स्मृतिचषकाची परंपरा आपल्याकडे जुनी आहेच. जर्सीवरील हे नाव तिचेच वस्त्ररूप आहे. युरोपात सरदार घराण्यांनी ढालींवर चिन्हे रंगवली आणि पुढे त्यांतून क्लबांची बोधचिन्हे उपजली. आपल्याकडे तसे काही निपजायचे असेल, तर ते वाघाच्या उसन्या पंजातून निपजणार नाही; या ‘कै.’मधून निपजेल. तेव्हा ते नाव देणगीदारांच्या रांगेत, हॉटेलच्या शेजारी छापणे हा अभिरुचीचा दोष तर आहेच, पण नीतीचाही आहे.

उसनेपणाचा मुद्दा निघालाच आहे, तर रंगांविषयीही बोलले पाहिजे. मुंबई इंडियन्सचा निळा, चेन्नईचा पिवळा, कबड्डीत पुणेरी पलटणचा केशरी. गावोगावच्या जर्सी याच रंगांवर पोसलेल्या आहेत. पाठीवर ७, १०, १८, ४५. अनुकरणात चाहत्याचे प्रेम असते हे खरे, आणि चाहता क्रमांकावरही हक्क सांगतो. २०१७ मध्ये पालघरच्या शार्दूल ठाकूरने श्रीलंकेत पहिला एकदिवसीय सामना खेळताना १० क्रमांक घातला, तेव्हा तेंडुलकरच्या चाहत्यांनी एवढा रोष व्यक्त केला की पुढे त्याने क्रमांक बदलला. पण हा हक्क रक्षणाचा आहे, निर्मितीचा नव्हे. २०२१ मध्ये भारतीय संघाच्या जर्सीवर चाहत्यांच्या जयघोषाच्या ध्वनिलहरी नक्षी म्हणून छापल्या गेल्या. तेथेही चाहता नक्षीपुरताच होता, संकल्पक नव्हता. तो अधिकार ज्यांना खरोखर आहे, त्या आपल्या पोरांनी तो दुसऱ्याची जर्सी उतरवून घेण्यात खर्च करावा, याचे वाईट वाटते.

आता अक्षरांकडे वळू. मराठी जर्सीची खरी कसोटी येथे लागते आणि येथेच तिला सर्वांत कमी मदत मिळाली आहे. जर्सीवरील अक्षररचनेचे सारे संकेत रोमन लिपीसाठी घडलेले आहेत. उदाहरणार्थ, पाठीवर कमानीसारखे वाकवलेले नाव. रोमन अक्षरे सुटी असल्याने ती कमानीवर सुखाने बसतात. देवनागरीत शिरोरेषा असते. दुकानातील संगणक प्रत्येक अक्षर स्वतंत्रपणे फिरवतो आणि शिरोरेषेला प्रत्येक सांध्यावर तडा जातो. ‘निंबाळकर’ या शब्दात आरंभीच वेलांटी आणि तिच्यावर अनुस्वार. वर जागा सोडली नाही तर अनुस्वार गळपट्टीत शिवला जातो. अक्षराभोवती जाड पांढरी कड देण्याची हौस असते. तिने ‘ळ’ आणि ‘क’ यांची पोटे भरून येतात आणि दहा पावलांवरून केवळ दोन ठिपके दिसतात. त्यात जुन्या, युनिकोडपूर्व टंकांतील मजकूर दुसऱ्या दुकानात उघडला की भलतीच अक्षरे उमटतात. यामुळे कंटाळून पोरे रोमनकडे वळतात. त्यांना दोष देण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे, की कमल शेडगे यांच्यासारख्या अक्षरकाराने मराठी नाटकांच्या जाहिरातींत देवनागरीला जो ठसा दिला, त्याचा वारसा मैदानापर्यंत आणण्याचे काम कोणीच केलेले नाही. मुंबईच्या एक टाइप या गटाचे ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे टंक आज विनामूल्य उपलब्ध आहेत. त्यांतील ‘बलू’चा ठळकपणा जर्सीस मानवण्याजोगा आहे.

अंकांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. कबड्डीत क्रमांक हा शोभेचा भाग नाही. पंच खेळाडूला क्रमांकानेच बाद देतो. देवनागरीतील १ आणि ९ धुळीत व संधिप्रकाशात एकमेकांसारखे भासतात. म्हणून पंचांची सोय पाहता रोमन अंक ठेवावेत, असे म्हणणाऱ्याचे म्हणणे रास्त आहे. ९ची गाठ ठळक आणि १ची शेपटी सरळ काढणारा अंकसंच कोणी केला, तर ते म्हणणे मागे घेता येईल.

टीकाकाराने पर्याय काढून दाखवावा, हा हॉकीच्या चाहत्यांचा नियम प्रस्तुत लेखकासही लागू आहे. वडगाव निंबाळकरसाठी एक जर्सी अशी कल्पिता येईल. जमीन उसाच्या पानाची, गडद हिरवी. दुसरी कोणतीही नक्षी नाही. उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे उतरणारा एकच निळा पट्टा, निरा डाव्या कालव्याचा. या भागाचे आजचे रूप ज्या पाण्याने घडवले ते पाणी. छातीवर गावाचे पूर्ण नाव एका ओळीत, न वाकवता, आणि त्याची शिरोरेषा दोन्ही बाजूंनी वाढवून बाह्यांच्या शिवणीपर्यंत नेलेली, म्हणजे हॉकीच्या जर्सीवरील आडव्या पट्ट्याचे काम आपली लिपीच करील. देणगीदार उजव्या बाहीवर. ‘कै.’ नाव डाव्या बाहीवर, एकटे.

यावर एक आक्षेप संभवतो, की कालवा काही एकट्या वडगावचा नाही; निंबूतपासून पणदऱ्यापर्यंत अनेक गावे हाच पट्टा मागतील. त्यांनी तो अवश्य घ्यावा. कालव्यावर जे गाव वर आहे त्याचा पट्टा खांद्याजवळून जावा, जे खाली आहे त्याचा कमरेजवळून. पाण्याच्या पाळीवरून जी गावे भांडतात, त्यांचे संघ समोरासमोर उभे राहिले की कोण वरचे आणि कोण शेवटाकडचे हे प्रेक्षकांना सांगावे लागणार नाही.