टेकायला एक खांदा

बिल विदर्स यांचे 'लीन ऑन मी' हे गीत १९७२ साली आले आणि त्याच वर्षीच्या जुलैत अमेरिकेतील लोकप्रिय गीतांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसले. अर्धशतक उलटले, तरी त्याची गोडी आम्हांस कमी झालेली जाणवत नाही. पेटी शिकू लागलेले मूल एकेका पट्टीवरून बोटे वर नेते आणि तशीच खाली आणते, तशी ह्याची चाल. विदर्स कसलेले पियानोवादक नव्हते. बोट शेजारच्या पट्टीवर सरकवणे त्यांना सोपे, म्हणून चाल तशी झाली. कोणा पंडितास हे दारिद्र्य वाटेल. ज्याला सूर धड सापडत नाही अशालाही चारचौघांत बिनधास्त गाता यावे, हे आम्ही गीताचे सामर्थ्य समजतो. देवळात शेवटच्या बाकावर गाणाऱ्यांना हे अधिक सांगायला नको!

विदर्स यांचा जन्म १९३८चा, पश्चिम व्हर्जिनियातील स्लॅब फोर्क ह्या कोळसाखाणींच्या गावातला. तेराव्या वर्षी पितृछत्र हरपले. जीभ बोलताना अडखळे. नऊ वर्षे नौदलात काढून ते पुढे लॉस एंजेलिसला कारखान्यात कामाला लागले. शेजाऱ्याने हाक मारण्याआधी धावून जावे, ही गावाकडची रीत त्या महानगरात दिसेना. ह्या उणिवेतूनच गीत जन्मले. त्यांनी सांगितलेली एक हकिगत येथे नोंदवण्याजोगी आहे. अलाबामात आडरस्त्यावर त्यांच्या मोटारीचा टायर फुटला. जादा टायर जवळ नव्हता. टेकडीपलीकडून एक अनोळखी खेडूत आला, परत गेला, टायर घेऊन आला आणि तो बसवायलाही त्याने हात लावला. वर्णभेदाने होरपळलेल्या दक्षिणेत एका कृष्णवर्णीय तरुणाला हा अनुभव यावा, ह्याचे मोल आपणच जाणावे.

शब्दांकडे पाहू गेल्यास, येथे आधार देणारा उंचावर उभा नाही. दुःख सर्वांच्या वाट्याला येते, असे तो आरंभीच मान्य करतो. मग खचलेल्या मित्राला तो मानीपणा बाजूला ठेवून मागायला सांगतो, आणि लगेच कबुली देतो की लवकरच मलाही तुझी गरज पडेल. सांत्वनपर गीतांत ही कबुली विरळाच आढळते. बहुतेक गीतांत देणारा देतच राहतो, घेणारा मिंधा होतो. येथे दोघेही एकमेकांचे देणेकरी आहेत. म्हणून आम्ही ह्यास उपकाराचे नव्हे, ऋणानुबंधाचे गीत म्हणतो. मधल्या भागात टाळ्या सुरू होतात, तेव्हा एकट्याचा आवाज जणू समुदायाचा होतो.

१९८७ साली क्लब नूवो ह्या वृंदाने ते नव्या ठेक्यात गायिले. तेही पहिल्या क्रमांकावर पोहोचले आणि विदर्स यांना गीतकार म्हणून ग्रॅमी मिळाले. नृत्याला ते ठीक. पण मूळ गायनातील विसावे त्यात नाहीसे झाले, असे आमचे मत आहे.

१९८५नंतर विदर्स यांनी नवी ध्वनिमुद्रिका काढली नाही. ३० मार्च २०२० रोजी, वयाच्या ८१व्या वर्षी ते निवर्तले. महामारीमुळे कोणी कोणाजवळ जाऊ शकत नव्हते, आणि नेमक्या त्या दिवसांत लोक आपापल्या घरांतून हेच गीत गात होते.