पटिभान, पस्सद्धि आणि बारामतीचे मोरोपंत

बारामती-इंदापूरच्या साहित्यप्रेमी मंडळींत जुन्या कवितेचा विषय निघाला की तो मोरोपंतांवर येऊन थांबतो, आणि प्रतिभा ही दैवी देणगी असल्याचे विधान हमखास केले जाते. पालीच्या अभ्यासकाला हे विधान पचत नाही. देणगी म्हटली की देणारा आला. आणि आपल्या समाजात ती कोणाला मिळाली व कोणाला नाकारली गेली, हा हिशेबही ओघानेच आला.

अंगुत्तरनिकायात चार प्रकारचे कवी सांगितले आहेत : चिंताकवी, सुतकवी, अत्थकवी आणि पटिभानकवी. पहिला चिंतन करून रचतो, दुसरा ऐकलेल्यावरून, तिसरा एखाद्या अर्थाच्या आधारे. चौथ्याला त्याच क्षणी स्फुरते. अट्ठकथेने चौथ्याचे उदाहरण म्हणून वंगीस थेरांचे नाव दिले आहे. या गाथा आधी मनात घोळवल्या होत्या की जागच्या जागी स्फुरल्या, असे भगवंत वंगीसांना विचारतात, ही नोंद संयुत्तनिकायात आहे. हा प्रश्न खऱ्या समीक्षकाचा आहे. पूर्वी आपण काव्याने मत्त होऊन हिंडत होतो, असे याच वंगीसांनी म्हटले आहे, हेही विसरता कामा नये. त्यांचा प्रवास मत्ततेकडून स्वच्छ चित्ताकडे झालेला आहे.

मोरोपंत (1729-1794) पन्हाळ्याचे. बाबूजी नाईकांच्या आश्रयाने ते बारामतीत राहिले. त्यांनी महाभारत आर्येत आणले, ओष्ठ्य वर्ण टाळून निरोष्ठ रामायण रचले. वरील मापाने ते सुतकवी व चिंताकवी ठरतात. यात अवमान नाही. श्रमाची ती नोंद आहे. परंतु पृथ्वी वृत्तातील ‘केकावली’त, माझ्या मते, काही ठिकाणी पांडित्याची पकड सुटते आणि माणूस बोलू लागतो. निरोष्ठ रामायणात ती कोठेच सुटत नाही.

ही पकड सुटणे म्हणजे काय, हे आनंद थेरांच्या प्रसंगावरून कळते. राजगृहाच्या पहिल्या संगीतीच्या आदल्या रात्री त्यांनी अतोनात प्रयत्न केला. पहाटे ते आडवे होऊ लागले. पाय जमिनीवरून उचलले गेले होते, मस्तक उशीला टेकले नव्हते, तेवढ्यात चित्त मुक्त झाले. आपले वीर्य अतिरिक्त झाले आहे हे ओळखून त्यांनी ते समतोल केले, असे अट्ठकथा म्हणते. पण या क्षणामागे पंचवीस वर्षांची सेवा आणि श्रवण होते. ग्रॅहॅम वॉलस या इंग्रज विचारवंताने 1926 मध्ये सर्जनाच्या ज्या पायऱ्या मांडल्या, त्यांतही स्फुरणापूर्वी तयारी आणि मग विसावा येतो.

नशेने काव्य स्फुरते असे सांगणारे कोलरिजचे नाव घेतात. अफूच्या गुंगीत ‘कुब्ला खान’ सुचले, असे त्याने सांगितले खरे. पण झोप लागण्यापूर्वी तो त्याच विषयावरचा ग्रंथ वाचत होता, हेही त्यानेच सांगितले आहे. गुंगीचे श्रेय वाचनाला का देऊ नये? अंगात येण्याला ज्ञान समजणाऱ्यांनाही हाच प्रश्न विचारावा लागेल. पालीत पस्सद्धि, म्हणजे काया-चित्ताची शांतता, हे बोध्यंग आहे. सात बोध्यंगांत सती पहिली, वीर्य तिसरे आणि पस्सद्धि पाचवी. पाचव्या शीलात मद्याला प्रमादाचे स्थान म्हटले आहे, कारण तेथे सतीच सुटते.

पटाचारा थेरी पाय धूत होत्या. पाणी उंचावरून सखल भागाकडे वाहताना त्यांनी पाहिले आणि चित्त एकाग्र झाले. पुढे विहारात दिव्याची वात सुईने खाली ओढताच दिवा विझला, आणि चित्त मुक्त झाले. त्यांच्या गाथेला ना राजाश्रय होता, ना वृत्तांची स्पर्धा. मोरोपंतांच्या बारामतीत ही गाथा ‘केकावली’शेजारी ठेवून वाचली जावी, एवढीच माझी सूचना आहे.