ग्रंथालयातील जयंत्या आणि एका मुलीचा प्रश्न

गेल्या १४ जानेवारीला हिंगोली जिल्ह्यातील एका सार्वजनिक ग्रंथालयात नामविस्तार दिनाच्या कार्यक्रमाला पाहुणा म्हणून गेलो होतो. समोर आठवी ते दहावीची पोरे बसलेली. बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घातला गेला, स्पर्धेतील तीन निबंध वाचले गेले. तिन्हींत बाबासाहेबांच्या पदव्या होत्या, संविधान होते. मराठवाडा मात्र नव्हता. नववीतील एका मुलीने विचारले, "सर, नाव द्यायला इतकी वर्षे का लागली?" मी तोंड उघडणार तोच संयोजकांनी वेळ संपल्याचे सांगून बक्षीस वाटप सुरू केले. आणि मीही खाली बसलो.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव संमत केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. नाव यायला १९९४ उजाडावे लागले, आणि तेही नामांतर म्हणून नव्हे, नामविस्तार म्हणून. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. ते दिवस पाहिलेल्या बाया आज आज्या झाल्या आहेत. त्यांची नातवंडे ग्रंथालयात निबंध लिहितात, पण घरातल्या साक्षीदाराला काही विचारत नाहीत. कारण तसे विचारायला त्यांना कोणी शिकवलेच नाही.

ग्रंथालय तटस्थ असते, हे मला मान्य नाही. २७ मार्च १९६१ रोजी अमेरिकेतील जॅक्सन शहरात टूगलू कॉलेजचे नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन वाचत बसले. पोलिसांनी त्यांना अटक केली. महाडला १९२७ साली ओंजळभर पाण्यासाठी आपल्या माणसांवर लाठ्या पडल्या. तिथे ते पुस्तकासाठी घडले. आमच्याकडे १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने ग्रंथालय-कर बसवला नाही. गावोगावची ग्रंथालये संस्थांच्या हाती आणि शासनाच्या अनुदानावर राहिली. कोणते पुस्तक घ्यायचे आणि कोणता प्रश्न थांबवायचा, हे कार्यकारी मंडळ ठरवते. माझ्या घरातला मी पहिला पदवीधर. शाळेत असताना अनामत आणि वर्गणी भरणे जमले नाही, म्हणून दाराजवळच्या बाकावर वर्तमानपत्र वाचून परतत असे. आज पोरांना आत बोलावतात. पण टाळ्या वाजवायला बोलावणे म्हणजे सहभाग नव्हे.

निबंधाऐवजी पोरांच्या हाती कोरी वही द्या. १९७८ साली काय घडले, ते त्यांना वस्तीत आणि गावातही विचारू द्या. कुणी आसरा दिला असेल, तर तेही लिहिले जाऊ द्या. त्या वहीला दाखल क्रमांक देऊन ती कपाटात ठेवा. जुन्या जखमा उकरू नका, असे काही जण म्हणतील. ज्यांची घरे जळली त्यांच्याच नातवंडांनी विसरावे, हा आग्रह नेमका कुणाच्या सोयीचा आहे?

पुढच्या जानेवारीत बोलावणे आले, तर मी भाषण करणार नाही. त्या मुलीच्या प्रश्नापासून सुरुवात करीन.