सूक्ष्मदर्शक आहे, उंदीर कुठे आहे?

८ नोव्हेंबर २०२१ रोजी डॉ. कमल रणदिवे यांच्या १०४ व्या जन्मदिनानिमित्त गूगलने त्यांचे सूक्ष्मदर्शकासह चित्र प्रसिद्ध केले. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात उंदरांवर काम करणाऱ्या या मराठी संशोधिकेची देशभर आठवण झाली, हे चांगलेच झाले. शाळांच्या फलकांवरही शास्त्रज्ञ म्हणजे सूक्ष्मदर्शक, हे समीकरण ठरलेले असते. आक्षेप आहे तो या समीकरणालाच. त्यातून मुलांना वाटते की कर्करोगाचे कारण काचेखाली ‘दिसले’.

वस्तुस्थिती वेगळी आहे. सुमारे १०० नॅनोमीटरचा विषाणू साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसतच नाही. १९३६ मध्ये बिटनर यांनी पिल्ले दुसऱ्या आईच्या दुधावर वाढवून, स्तनाच्या कर्करोगाचा एक घटक दुधातून जातो, हे ताडले. १९५१ मध्ये लुडविक ग्रॉस यांनी ल्युकेमियाग्रस्त उंदरांचा पेशीविरहित अर्क नवजात पिल्लांना टोचला. काही महिन्यांनी त्यांना ल्युकेमिया झाला. खरी साधने होती पैदाशीच्या नोंदी आणि चिकाटी.

पण इतके महिने का लागतात? रेट्रोव्हायरस आपल्या आरएनएवरून डीएनए बनवतो आणि तो पेशीच्या गुणसूत्रात घुसवतो. (हे घडवणारे विकर १९७० मध्ये टेमिन आणि बाल्टिमोर यांनी शोधले.) उंदरांच्या या विषाणूंपैकी बहुतेकांजवळ स्वतःचे कर्करोगाचे जनुक नसते. पेशीची वाढ ठरवणाऱ्या ‘मिक’सारख्या जनुकाशेजारी तो योगायोगाने जाऊन बसला, तर ते जनुक बेसुमार काम करू लागते. त्यात आणखी बिघाडांची भर पडते, तेव्हा कुठे रोग होतो. एकेआर वाणाच्या उंदरांत तर हा विषाणू वारशानेच येतो.

म्हणून ‘विषाणूमुळे कर्करोग होतो’ हे फळ्यावरचे वाक्य अपुरे आहे. ‘विषाणू हातभार लावतो’ हे अधिक खरे.

हा केवळ शब्दांचा कीस नाही. भंडारा जिल्ह्यातील एखादे मूल नागपुरात ल्युकेमियाचे उपचार घेऊन वर्गात परतते, तेव्हा ‘विषाणू’ हा शब्द ऐकून शेजारचा बाक रिकामा होऊ शकतो. माणसात एचटीएलव्ही-१ या रेट्रोव्हायरसामुळे प्रौढांना एक विशिष्ट ल्युकेमिया होतो, तोही बाधितांपैकी थोड्यांनाच. मुलांचा ल्युकेमिया शेजारी बसल्याने लागत नाही. रणदिव्यांचे चित्र वर्गात जरूर लावावे. पण त्याशेजारी उंदराची ही गोष्टही सांगावी.