डोडोची गोष्ट आणि हरवलेला कंट्रोल

नेट-सेटच्या अभ्यासात बीजप्रसार आला की डोडोची गोष्ट येतेच. मॉरिशसचा हा पक्षी सतराव्या शतकात संपला आणि मग तांबलाकोकचं झाड रुजेनासं झालं. स्टॅन्ली टेम्पल यांनी 1977 मध्ये 'सायन्स'मध्ये हे मांडलं. आठळी इतकी जाड, की डोडोच्या पोटात घासल्याशिवाय अंकुर बाहेर पडत नाही. म्हणून 13 म्हातारी झाडंच उरलीत.

गोष्ट झकास आहे. पेपर मात्र लंगडा आहे, आणि हे नोट्स वाचून कळत नाही, मूळ पेपरच काढावा लागतो.

टेम्पल यांनी 17 आठळ्या टर्कींना भरवल्या. 7 पोटातच फुटल्या. उरलेल्या 10 पैकी 3 रुजल्या. इथे थांबा. न भरवलेल्या आठळ्या शेजारी पेरल्याच नाहीत! मग त्या 3 टर्कीमुळे रुजल्या, की तशाही रुजल्या असत्या? शिवाय 10 पैकी 3 आणि 17 पैकी 3 यात बराच फरक आहे. फुटलेल्या 7 आठळ्या झाडाच्या दृष्टीने नुकसानच ना?

गंमत म्हणजे उत्तर आधीच छापलेलं होतं. आर्थर हिल यांनी 1941 मध्येच या आठळीची रचना तपासली होती. टोपण निघावं तसा कवचाचा एक भाग सुटतो आणि अंकुर बाहेर येतो, घासायची गरज नाही. पुढे 1991 मध्ये विटमर आणि चेक यांनी टेम्पल यांचा दावा सविस्तर खोडला. झाडंही 13 पेक्षा बरीच जास्त होती.

माझ्या मते टेम्पल यांचा प्रश्न चांगला होता. डोडो बिया लांब नेत असेलही. पण बी पसरणं वेगळं आणि रुजणं वेगळं.

हाच घोळ आपल्याकडे लोणार सरोवराच्या काठावरच्या वेड्या बाभळीबद्दल होऊ शकतो. शेंगेचा गर गोड, म्हणून गुरं-शेळ्या ती खातात आणि बिया शेणा-लेंड्यांतून पडतात. त्यातून रोप आलं की "पोटातून गेली म्हणूनच उगवली" असं आपण लगेच म्हणतो. बीजावरण टणक, पाणी सहज आत घेत नाही, त्यामुळे ते पटतंही. पण तुम्ही प्रोजेक्ट घेणार असाल तर लेंड्यांतल्या बिया धुऊन घ्या, नाहीतर खताचा परिणाम पोटाच्या नावावर जाईल. सोबत शेंगेसकट बिया, हाताने सोललेल्या बिया आणि सँडपेपरने घासलेल्या बियाही त्याच मातीत लावा. आणि शेळीला किती बिया चारल्या, त्यातल्या किती धड परत मिळाल्या, हे दोन्ही आकडे वहीत हवेत.