गरीब, गुर्बत आणि आझाद बिलग्रामी

मराठीत ‘गरीब’ म्हणजे ज्याच्याजवळ पैसा नाही तो. मूळ अरबीत मात्र गरीब म्हणजे परका, वतनापासून दूर पडलेला. उर्दूच्या ‘गुर्बत’मध्ये दोन्ही अर्थ अजून नांदतात. वतन तुटलेला अरबी कवी म्हटला की जाणकारांना महमूद दरवेश (1941–2008) आठवतात. 1948 मध्ये त्यांचे गाव गेले ते गेलेच. परंतु दूर देशी राहून अरबीत लिहिणारा एक थोर कवी आमच्याच मराठवाड्यात, खुलताबादेत, चिरविश्रांती घेत आहे. ते म्हणजे मीर गुलाम अली आझाद बिलग्रामी (1704–1786).

त्यांना कोणी हद्दपार केले नव्हते, तेव्हा दरवेशांच्या पंक्तीत त्यांना बसवणे रास्त नाही. अवधमधले बिलग्राम सोडून ते हजला गेले. परतल्यावर औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) आले, पाणचक्कीजवळ बाबा शाह मुसाफिरांच्या तकियात सात वर्षे राहिले आणि दख्खनचेच झाले. तकियालाही नाव मुसाफिराचेच!

फारसीत त्यांनी कवींचे तजकिरे लिहिले. अरबी नातिया शायरीमुळे त्यांना ‘हस्सानुल हिंद’ म्हणू लागले. पण आमच्या मते त्यांचे खरे धाडस 1763-64 च्या ‘सुब्हतुल मर्जान’ या अरबी ग्रंथात आहे. संस्कृत-ब्रजमधले अलंकार त्यांनी अरबी नावे देऊन अरबीत आणले, उदाहरणादाखल स्वतःचे शेर रचले. एवढ्यावर न थांबता नायिकाभेदही आणला. अरबी गझलेत पुरुष बोलतो, स्त्री ऐकते. हिंदी काव्यात विरहाचे दुःख स्त्री बोलते. हा फरक त्यांनी नेमका हेरला. अरबी भाषेला हिंदची स्त्री भेटवणे ही लहान गोष्ट नव्हे. अरबी म्हणजे फक्त मदरशाची भाषा, असे मानणाऱ्यांनी हे अवश्य पाहावे.

उदाहरणासाठी रचलेल्या शेरांना वर्गातल्या फळ्याचा वास येतोच. आम्ही शिक्षक असल्याने तो चटकन ओळखतो. अलंकार सिद्ध होतो, काळीज हलत नाही.

आमची दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. चाळीसहून अधिक वर्षे मराठी मुलुखात काढून ‘हिंद’ म्हणून त्यांनी जे काव्यशास्त्र अरबीत नेले ते संस्कृत-ब्रजचे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी त्यांच्या शतकभर आधी ‘योगसंग्राम’ मराठी ओवीत लिहिला होता. आझादांच्या मांडणीत त्या ओवीला जागा नाही. दरबार आणि तकिया यांच्यापलीकडे, बाजारात, जी भाषा चालत होती ती या बहुभाषक विद्वानाच्या कानावर पडूनही कागदावर आली नाही.

वाशीतल्या आमच्या मुलांच्या तोंडी घरी दखनी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी आणि सकाळी कुरआनची अरबी असते. या खिचडीने पोरे बिघडतात, असे अनेक पालक आम्हाला सांगतात. त्यांना आम्ही आझादांचे नाव सांगतो, आणि लगेच शेख महंमदांचेही.