ना साभार, ना परत

'साभार परत' हे दोन शब्द ज्याच्या वाट्यास कधीच आले नाहीत असा मराठी लेखक विरळा. ह्या शब्दांची थट्टा पुष्कळ झाली; त्यांतील सौजन्याकडे मात्र कोणी फारसे लक्ष दिले नाही. 'साभार' ह्या शब्दाने लेखकाच्या श्रमांची पोच मिळते आणि 'परत' ह्या शब्दाने त्याचे हस्तलिखित त्याच्या हाती येते. ते घेऊन तो दुसरे दार ठोठावू शकतो. विद्वत्तेच्या नियतकालिकांत निबंधांचा निवाडा ज्या पद्धतीने होतो तिचे गुणदोष पाहताना हीच दोन मापे आम्ही वापरणार आहोत.

ही पद्धत 'पिअर रिव्ह्यू' ह्या नावाने ओळखली जाते. समविषयी विद्वानांकडून होणारे परीक्षण, असा तिचा अर्थ. निबंध आला की संपादक तो प्रथम स्वतः वाचतो. नियतकालिकाच्या कक्षेबाहेरचा किंवा उघडच कच्चा असेल तर तेथेच थांबवितो. एरवी त्याच विषयात काम करणाऱ्या दोघातिघा विद्वानांकडे तो धाडला जातो. हे परीक्षक बहुधा विनामूल्य काम करतात. निबंधात नवे काही आहे काय, पुरावा निष्कर्षाचा भार पेलतो काय, पूर्वसूरींचे ऋण मान्य केले आहे काय, हे पाहून ते लेखी अभिप्राय देतात: स्वीकारावा, दुरुस्त करून घ्यावा, अथवा नाकारावा. अखेरचा निर्णय संपादकाचा. परीक्षकाचे नाव लेखकास बहुधा कळत नाही. काही ठिकाणी लेखकाचे नावही परीक्षकास कळू देत नाहीत. सरकारी नोकरीत मुरलेल्या आमच्या वाचकांस ह्यात अपरिचित असे काही वाटणार नाही. कागद वर जातो, त्यावर शेरा पडतो आणि कागद खाली येतो. प्रश्न एवढाच की, शेऱ्यामागची कारणे त्याच्याबरोबर खाली येतात की नाही.

ही व्यवस्था पुष्कळांस वाटते तितकी सनातन नाही. हेन्री ओल्डेनबर्ग यांनी 1665 साली लंडनमध्ये 'फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स' सुरू केले, तेव्हा निवड करणारे ते एकटेच होते. 1752 मध्ये रॉयल सोसायटीने हे नियतकालिक आपल्याकडे घेतले आणि निवडीचे काम एका समितीकडे सोपविले. परीक्षकांचे लेखी अभिप्राय मागविण्याची चाल तेथे 1830 नंतरच्या दशकात पडली. उलट, 'नेचर'सारख्या विख्यात साप्ताहिकाने बाहेरच्या परीक्षकांचा नियम सर्व निबंधांना लागू केला तो 1973 मध्ये. वॉटसन आणि क्रिक यांचा 1953 चा जगप्रसिद्ध निबंध अशा परीक्षणाविनाच छापला गेला होता.

लेखी अभिप्रायांची ही चाल नवी असतानाच तिची एक कठोर कसोटी लागली, आणि तिचा धागा आपल्या मुंबईशी जुळलेला आहे. जॉन जेम्स वॉटरस्टन हे एडिंबरोचे गृहस्थ 1839 पासून ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारी उमेदवारांना नौकानयनशास्त्र शिकविण्यासाठी मुंबईत होते. घरापासून हजारो मैल दूर, विद्वानांच्या सहवासाविना, नोकरीतून उरलेल्या वेळात त्यांनी वायूंविषयी एक उपपत्ती सिद्ध केली: वायूचे कण अखंड धावत असतात, त्यांच्या धडकांनी दाब उत्पन्न होतो, आणि उष्णता म्हणजे ह्या कणांची गतीच होय. 1845 मध्ये त्यांनी आपला निबंध मुंबईहून रॉयल सोसायटीकडे धाडला. तो दोन परीक्षकांपुढे गेला, आणि त्यांपैकी एकाने तो निव्वळ निरर्थक असून सोसायटीपुढे वाचण्याच्याही योग्यतेचा नाही, असा शेरा मारला. निबंधाचा त्रोटक सारांश तेवढा प्रसिद्ध झाला. हस्तलिखित परत करावयाचे नाही, असा सोसायटीचा नियम. आणि वॉटरस्टन यांनी तर स्वतःजवळ प्रतही ठेवलेली नव्हती. ना साभार, ना परत!

पुढे 1857 मध्ये क्लॉसियस यांनी आणि 1860 मध्ये मॅक्सवेल यांनी हाच विषय मांडला, आणि श्रेय त्यांच्याकडे गेले. वॉटरस्टन 1857 मध्ये स्वदेशी परतले. 1883 मध्ये एके दिवशी फिरावयास म्हणून बाहेर पडले ते पुन्हा कोणास दिसले नाहीत. 1891 मध्ये सोसायटीचे तत्कालीन चिटणीस लॉर्ड रॅले यांना तो निबंध दप्तरात सापडला आणि 1892 च्या 'ट्रॅन्झॅक्शन्स'मध्ये तो छापला गेला. लेखक मुंबईत होता, वाचक लंडनमध्ये होते, आणि पंचेचाळीस वर्षे निबंध दप्तरात होता. नवल हे की, तो उजेडात आणताना रॅले यांनीही नवख्या लेखकांस उपदेश केला तो असा की, आधी लहान आवाक्याचे, सहज पारखता येईल असे काम करून मान्यता मिळवावी आणि मगच उंच भरारीचा विचार करावा. रॅले यांच्या न्यायबुद्धीविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु हा उपदेश झाला लेखकाला. परीक्षकास कोणी काही सांगितले नाही.

तो परीक्षक मूढ होता, असे आम्ही म्हणत नाही. त्या काळच्या ज्ञानाच्या हिशेबाने ती उपपत्ती खरोखरच साहसी होती. परीक्षकाची चूक होणे क्षम्य आहे. त्या चुकीस उत्तर देण्याचा मार्गच नसणे, हे क्षम्य नाही.

एतावता हे परीक्षणच निरुपयोगी, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो घाईचा ठरेल. 1936 मध्ये आइन्स्टाइन आणि नेथन रोझेन यांनी गुरुत्वाकर्षणाच्या लाटा असूच शकत नाहीत असे दाखविणारा निबंध अमेरिकेतील 'फिजिकल रिव्ह्यू'कडे पाठविला. संपादकांनी तो परीक्षकाकडे धाडला आणि परीक्षकाने दहा पृष्ठांचा अभिप्राय लिहून त्यातील दोष दाखविला. आइन्स्टाइन रागावले, छापण्यापूर्वी निबंध दुसऱ्यास दाखविण्याचा अधिकार आपण दिला नव्हता, असे कळवून त्यांनी तो परत मागविला. परंतु दोष खरा होता. 1937 मध्ये तो निबंध दुसऱ्या नियतकालिकात आला तेव्हा निष्कर्ष बदललेला होता. हॉवर्ड रॉबर्टसन हे त्या परीक्षकाचे नाव पुढे 2005 मध्ये उघड झाले. येथे जगातील सर्वश्रेष्ठ शास्त्रज्ञासमोर एक निनावी परीक्षक उभा राहिला, आणि त्याचे बळ त्याच्या अधिकारात नव्हते, ते त्या दहा पृष्ठांतील कारणांत होते. लंडनचा शेरा हा हुकूम होता. अमेरिकेतला अभिप्राय हा युक्तिवाद होता. आमच्या मते उत्तम आणि अधम परीक्षणांतील सारा भेद ह्या दोन शब्दांत आला.

कारणे मागण्याचा आग्रह धरावा लागतो, कारण शेऱ्यांत पुष्कळदा निबंधापेक्षा पत्त्याचीच परीक्षा झालेली असते. पीटर्स आणि सेसी ह्या मानसशास्त्रज्ञांनी 1982 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग बोलका आहे. नामांकित संस्थांतील लेखकांचे आधीच छापलेले बारा निबंध त्यांनी लेखकांची आणि संस्थांची नावे बदलून, ज्या नियतकालिकांनी ते छापले होते त्यांच्याकडेच पुन्हा धाडले. तीन निबंधांची लबाडी ओळखली गेली. उरलेल्या नवांपैकी आठ नाकारले गेले, आणि तेही बव्हंशी संशोधनपद्धतीत गंभीर दोष आहेत म्हणून!

ह्यावर उपाय म्हणून परीक्षकाचे नाव उघड करावे, असे काही म्हणतात. ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या वतीने हा प्रयोग झाला. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत अभिप्रायांचा दर्जा विशेष चढलेला दिसला नाही आणि उतरलेलाही दिसला नाही. मात्र परीक्षणास नकार देणारे वाढले. तरुण परीक्षकास ज्येष्ठांच्या रोषाचे भय असते, हेही खरे. म्हणून नावावर पडदा असावा, ह्यास आमची हरकत नाही. कारणांवर तो नसावा.

केंद्र सरकारच्या सेवेत हा धडा आपण उशिराच शिकलो. गोपनीय अहवालातील केवळ प्रतिकूल शेरा कळवावयाचा, बाकीचे गुलदस्तात, अशी पूर्वी रीत होती. सीमा सडक सेवेतील एका अभियंत्यास 'चांगला' असा शेरा मिळाला होता. बढतीस 'फार चांगला' हवा होता, आणि आपल्या वाट्यास काय आले आहे हे त्यास कळविलेलेच नव्हते. देव दत्त विरुद्ध भारत सरकार ह्या खटल्यात 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक शेरा कळविलाच पाहिजे असे ठरविले, आणि 2009 मध्ये संपूर्ण अहवाल दाखविण्याचा व त्यावर निवेदन घेण्याचा आदेश निघाला. ह्याने वरिष्ठांचा अधिकार नाहीसा झाला नाही. त्यास उत्तरदायी व्हावे लागले, इतकेच.

विद्वत्तेच्या जगातही वारे बदलत आहे. 'नेचर'ने 2025 पासून, नव्याने येणाऱ्या ज्या संशोधननिबंधांचा स्वीकार होईल त्यांच्यासोबत परीक्षकांचे अभिप्राय आणि लेखकांची उत्तरे छापण्याचे धोरण अंगीकारले. हे स्वागतार्ह आहे. परंतु त्यातील उणीव दृष्टिआड करता येत नाही. अभिप्राय उघड होतात ते स्वीकारलेल्या निबंधांचे. नाकारलेल्याचा शेरा जगापुढे येत नाही. म्हणजे वॉटरस्टन आज असते तरी त्यांच्या निबंधावरील शेरा दप्तरातच राहिला असता.

आपल्या मराठीत तर एकेका विषयाचे जाणकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तेथे परीक्षक हा बहुधा लेखकाचा स्नेही असतो, नाहीतर प्रतिस्पर्धी. नाव झाकले तरी अक्षर ओळखू येते. अशा लहान घरात पडद्याचा उपयोग थोडा आणि कारणांची गरज मोठी. आमची मागणी मोठी नाही. नाकारणाऱ्याने कारणे लिहावीत, ती लेखकास कळवावीत, आणि त्यांवर एक वेळ निवेदन करण्याची मुभा त्यास द्यावी. एवढे केल्यावर निबंध परत आला तरी तो खरोखर साभार परत आला, असे म्हणता येईल.